सुई लावलेलं बूच

थेंबताईंचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसून जी बाई थेंब मोजते, तिला लोक दुसरं काय म्हणणार? बाळांच्या दुधाच्या बाटल्यांची रबरी बुचं बनवणारा तो कारखाना. साच्यातून निघालेलं बूच धुऊन, वाळवून थेंबताईंच्या टेबलावर यायचं. टेबलावर लोखंडी स्टँड, स्टँडला उलट्या टांगलेल्या काचेच्या नळ्या, नळ्यांत पाणी. नळीच्या तोंडाला बूच चढवायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि अर्ध्या मिनिटात किती थेंब पडतात ते मोजायचं. कमी पडले तर बूच अगदी तान्ह्यांचं, त्याच्या पाकिटावर एक ठिपका. मधले ते दोन ठिपक्यांचं, भराभर पडले तर तीन ठिपक्यांचं. धार लागली की सरळ लाल टोपलीत. बाद.

आणि जे बूच थेंब सोडायलाच तयार नसायचं, त्याला सुई लावायची. लाकडी मुठीची एक जाड सुई बर्नरवर तापवायची आणि बुचाच्या भोकात हलकेच टेकवायची. टेकवायची म्हणजे टेकवायचीच, खुपसायची नाही. नव्या बायकांचा हात हमखास जड पडायचा आणि टोपली भरायची. थेंबताईंचा हात मात्र असा की पर्यवेक्षकसुद्धा त्यांच्या टेबलाजवळ आला की तोंड बंद ठेवायचा. ‘तुमच्या बोटांत तराजूचा काटा आहे काटा,’ असं तो एकदा म्हणाला होता, आणि थेंबताईंनी ते पुढची दहा वर्षं सगळ्यांना ऐकवलं.

सवय जडली ती जडलीच. शेजारणीकडे बसायला गेल्या तरी त्यांचा एक कान मोरीकडे. ‘अर्ध्या मिनिटाला चौदा. वायसर बदला,’ असं सांगून मगच त्या चहाला हात लावायच्या. लोकांना याचा वैताग यायचा, पण नळही सुधारायचे.

गंमत एवढीच, की या सव्वीस वर्षांत आपलं बूच चोखणारं तोंड थेंबताईंनी पाहिलेलं नव्हतं. बाळं काही कारखान्यात येत नाहीत. ‘बाळांचं काय, ती पितात,’ असं त्या म्हणायच्या, आणि त्यात त्यांना काही चुकल्यासारखं वाटायचं नाही.

एक तोंड सोडून. ते त्यांच्या लेकीचं.

लेक चाळीस दिवसांची असताना थेंबताईंना टेबलावर परत जावं लागलं होतं. नवरा त्याच कारखान्यात साच्यावर होता, पण छातीच्या दुखण्याने घरी बसला होता आणि पुढे त्यातच गेला. पोरीला दिवसभर शेजारच्या आजी सांभाळणार होत्या. पोर दूध ओढून दमेल, आजी कंटाळतील, या धास्तीने थेंबताईंनी एक बूच घेतलं, घरच्या स्टोव्हवर सुई तापवली आणि भोक चांगलं मोठं केलं. आणि काय सांगावं! पोरीने सगळी बाटली गटागटा संपवली, ढेकर दिला आणि झोपली. पुढचा भाग थेंबताई रंगवून सांगायच्या. ‘संध्याकाळी मी दारात उभी, तर ही माझ्याकडे अशी बघतेय, जशी काही मी विजेचं मीटर बघायला आलेली बाई! एका घोटात आईला विसरली कार्टी!’

हा किस्सा त्यांनी लेकीच्या शाळेतल्या बाईंना सांगितला, तिच्या मैत्रिणींना सांगितला, लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाला सांगितला. सगळे हसायचे. लेकही हसायची.

लेक मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात लागली. काचा उजेडाकडे धरून ओरखडा शोधायचा, हे तिचं काम. तिच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून मालक खूश होता. ती नजर कुठून आली, ते थेंबताईंना विचारा. ती लहान असताना त्या बाद झालेली बुचं खेळायला घरी आणायच्या. पोरगी बूच डोळ्याशी धरून खिडकीकडे बघत बसायची. भोक गोल असलं तर चांगलं, फाटलं असलं तर बाद, आणि आरपार उजेड दिसला तर सुई जास्त लागली, हे त्या पोरीला मुळाक्षरांच्या आधी पाठ झालं होतं.

अशी ही दोघींची जोडी. नजर लागावी असं त्यांच्याकडे काही नव्हतं, तरी लागली.

लेकीला सहावा महिना असताना तिच्या गळ्याशी गाठ दिसली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, बाळ बाहेर येऊ दे, मग मात्र एक दिवसही घालवायचा नाही. बाळ आलं, मुलगी. पाच आठवड्यांची झाली तेव्हा डॉक्टरांनी तारीख दिली. शुक्रवारपासून मोजले तर मधे दहा दिवस आणि मग सोमवार. सोमवारी सकाळी खाटेवर यायचं, औषध शिरेतून सुरू होणार, आणि त्या दिवसापासून अंगावरचं दूध बंद.

‘कमी नाही करायचं,’ डॉक्टर म्हणाले. ‘बंद. एक थेंबही नाही. तोवर तिला बाटलीची सवय लावा.’

घरी आल्यावर लेकीने बाळाला पाजायला घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, ‘ती बाटली घेईल त्या दिवशी मी औषध घेईन. ती इथं उपाशी रडतेय आणि मी तिकडं खाटेवर पडलेय, असं होणार नाही. आधीच सांगून ठेवते.’

जावई लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बोलून बोलून त्याला शांत आवाजात बोलायची सवय होती. ‘घेईल गं, का नाही घेणार,’ तो म्हणाला. पण त्याचा आवाज जरा जास्तच शांत होता.

थेंबताईंनी मात्र लगेच कंबर कसली. ‘बाटलीचंच ना? मग झालंच की! माझ्याच घरात माझंच बूच अडणार होय?’

इथेच घोडं पेंड खाणार होतं, पण ते त्यांना कुठून कळावं. आयुष्यात एकच बाळ त्यांनी बाटलीला लावलं होतं आणि ते पहिल्या झटक्यात लागलं होतं. तीच युक्ती पुन्हा करायची, यात विचार कसला करायचा? त्यांनी कारखान्यातून सहा दिवसांची सुटी घेतली, येताना एक ठिपक्याची चार बुचं आणली. त्यातलं एक काढलं, गॅसवर सुई तापवली आणि भोक मोठं केलं. नातीची जिवणी एवढीशी, ओढून दमली तर? हात स्थिर होता. मन स्थिर नव्हतं म्हणून सुई अंमळ जास्तच टेकली असेल. टेबलावर असत्या तर नळीला लावून बघितलं असतं. घरात नळी नव्हती आणि त्यांना गरजही वाटली नाही.

शुक्रवारी दुपारी लेकीने आपलं दूध वाटीत काढून दिलं. बाटली उकळून घेतली. बूच चढवण्याआधी तिने ते खिडकीतल्या उजेडाकडे धरलं, जशी ती प्रत्येक वस्तू धरायची. मग बाटलीवर चढवलं, दूध कोमट असल्याची मनगटावर खात्री केली आणि आईच्या हातात दिली.

‘मॅडम, जेवण तयार,’ जावई म्हणाला. बाळाला तो मॅडम म्हणायचा, कारण घरात हुकूम तिचाच चालत होता. आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मॅडमनी बूच तोंडात घेतलं, एकदा ओढलं, आणि दूध घशात असं कोसळलं की तिचे डोळे पांढरे झाले. ठसका, नाकातून दूध, चेहरा लालभडक, आणि मग एक क्षण आवाजच नाही. तो एक क्षण थेंबताईंना जन्मभर पुरला. त्यांनी तिला पालथं घालून पाठ चोळली, तेव्हा कुठे रडण्याचा सूर लागला. लेकीने तिला ओढून घेतलं, छातीशी लावलं, आणि मॅडम हुंदके देत देत पिऊ लागल्या.

‘पहिल्यांदा होतं असं,’ थेंबताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण सव्वीस वर्षांचा तोरा असा एका ठसक्याने उतरत नाही.

शनिवारी मॅडमनी बूच ओठाला लागताच तोंड मिटलं. रविवारी बाटली दिसताच मान फिरवली. सोमवारी तर थेंबताई दिसल्या की रडणं सुरू. मग सगळे प्रयोग झाले. दूध जरा गरम, जरा गार. बूच कोमट पाण्यात बुडवून. लेकीचा स्वेटर थेंबताईंनी अंगात घालून, आणि उन्हाळ्यात स्वेटर घातलेली ती बाई घामाने निथळतेय तरी हटत नाही. वाटी-चमचा झाला. दोन घोट पोटात, बाकीचं गळ्याच्या वळ्यांत. चमच्यावर जगायला मॅडमना दिवसाचे छत्तीस तास लागले असते. जावयाने दुकानातून पाच तऱ्हेच्या चोखण्या आणल्या, रबराची सवय तरी होईल म्हणून. मॅडम त्या एकेक करून जिभेने बाहेर ढकलत होत्या. पाचवी तर त्याच्या शर्टाच्या खिशावर येऊन आदळली.

‘नेम चांगला आहे,’ तो म्हणाला. ‘आणि हे वरचं दूध, वरचं दूध म्हणतात, ते वरच्याच्या भरवशावर असतं म्हणून का हो, आई?’

‘गप्प बसा,’ थेंबताई म्हणाल्या. एरवी त्या हसल्या असत्या.

लेक या सगळ्यात फार बोलत नव्हती. मॅडम रडून रडून बेजार झाल्या की ती हात पुढे करायची. बाळ छातीला लागलं की घर एकदम शांत व्हायचं. थेंबताईंना त्या शांततेचा राग यायचा. पोर पितेय आणि आपल्याला राग येतोय, याची त्यांना लाजही वाटायची. पण दिवस भराभर चालले होते आणि गळ्याची ती गाठ आता कॉलरच्या वर दिसू लागली होती.

गुरुवारी सुटी संपली. कामावर जाताना थेंबताईंनी घरचं बूच रुमालात गुंडाळून बरोबर नेलं. का नेलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जेवणाच्या सुटीत हॉल रिकामा झाला तेव्हा त्यांनी ते नळीला चढवलं आणि घड्याळाकडे बघितलं. मोजायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. थेंब नव्हतेच. धार होती. नळी बघता बघता रिकामी झाली आणि टेबलावरून पाणी त्यांच्या मांडीवर आलं.

थेंबताई ओल्या मांडीने बसून राहिल्या. सव्वीस वर्षांत असलं बूच त्यांच्या टेबलावरून पुढे गेलं नव्हतं. नव्या पोरींना त्यांनी याहून बऱ्या बुचांसाठी चारचौघांत झापलं होतं. आणि हे त्यांनी सहा दिवस स्वतःच्या नातीच्या तोंडात कोंबलं होतं. पोर बाटलीला नाही म्हणत नव्हती, ती बुडायला घाबरत होती.

त्यांनी बूच काढलं आणि लाल टोपलीत टाकलं. घरी जाऊन सुई न लावलेलं दुसरं बूच बाटलीवर चढवलं. लेकीला काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून जिना चढल्या होत्या, पण दार लेकीनेच उघडलं, तिच्या खांद्यावर मॅडम झोपल्या होत्या, आणि थेंबताई चपला काढून सरळ मोरीकडे गेल्या. नवं बूच चाललं की आपोआप सगळं निस्तरेल, मग सांगून तरी काय उपयोग, अशी त्यांनी मनाची समजूत काढली.

पण मॅडमना बुचाबुचांतला फरक समजावणार कोण? त्यांच्या लेखी बाटली म्हणजे बाटली. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी लेकीने दवाखान्यात फोन केला आणि सोमवारची खाट नको म्हणून सांगितलं. पलीकडून कोणीतरी बराच वेळ बोलत होतं. ती ‘हो’, ‘कळतंय मला’, ‘हो’ एवढंच म्हणत होती. पुढची खाट तीन आठवड्यांनी मिळाली.

‘तीन आठवडे?’ जावई म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. ‘तीन आठवडे थांबायला ही काय लिफ्ट आहे?’

‘ती पीत नाहीये,’ लेक म्हणाली. ‘मी काय करू?’

थेंबताई मोरीत बाटली धूत होत्या. धुतलेली बाटली त्यांनी पुन्हा धुतली.

सोमवार आला आणि गेला. त्या दिवशी लसीकरणाच्या खोलीतल्या सिस्टरना थेंबताईंनी रडकुंडीला येऊन गाठलं. सिस्टरबाई अनुभवी होत्या. ‘आईला घराबाहेर पाठवा,’ त्या म्हणाल्या. ‘आईचा वास आहे तोवर ती रबर का घेईल? आणि भूक कडकडून लागायच्या आधी द्या. तोंडात घालू नका. ओठाला लावा आणि थांबा. ती घेईल तेव्हा घेईल.’

ओठाला लावा आणि थांबा. सुईसारखंच की. टेकवायची, खुपसायची नाही. हे आपल्याला कोणी सांगावं लागावं, याची थेंबताईंना शरम वाटली.

मंगळवारी दुपारी लेक खाली गेली. थेंबताई मॅडमना रस्त्याकडे तोंड करून मांडीवर घेऊन खिडकीत बसल्या. समोर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. थेंबताईंनी बूच ओठाला लावलं आणि त्याही त्या माणसाकडे बघत राहिल्या. आशा अशी काही उरली नव्हती, त्यामुळे हातात घाई नव्हती. रंगवणाऱ्याचं एक अक्षर पूर्ण झालं. मग बाटली जरा हलली. थेंबताईंनी खाली बघितलं तर मॅडमच्या गालाला खळी पडली होती आणि बाटलीत बुडबुडे वर चढत होते.

त्या मोजू लागल्या. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. एक घोट, दोन घोट, सतरा, अठरा. सत्तेचाळिसाव्या घोटाला त्या रडत होत्या, पण आकडा चुकला नाही.

बाटली संपल्यावर त्या दार उघडून लेकीला हाक मारायला गेल्या, तर ती जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसली होती. तिने आतलं मोजणं ऐकलं होतं. तिचा शर्ट पुढून ओलाचिंब झाला होता.

‘घेतली?’

‘घेतली.’

‘बरं झालं,’ लेक म्हणाली. आणि उठलीच नाही.

एक दिवस. एका दिवसाने गाडी चुकली. थेंबताईंनी दवाखान्यात फोन केला, जावई स्वतः जाऊन आला. खाट दुसऱ्याला गेली होती, आणि ज्याला गेली त्याचाही जीवच होता. मग ते तीन आठवडे तसेच गेले. मॅडम दुपारी एकदा बाटली घ्यायच्या, बाकी सगळं आईपाशी. त्या दिवसांत लेक गुणगुणायची. इतका वेळ ती बाळाला घेऊन बसायची, की थेंबताईंना म्हणावं लागायचं, ‘अगं, झोपलीये ती. ठेव खाली.’

मग औषध सुरू झालं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून थेंबताई बाटलीतून नळीत पडणारे थेंब मोजायच्या. ‘अर्ध्या मिनिटाला अकरा,’ त्या म्हणाल्या, तेव्हा तिथल्या नर्सने घड्याळ लावून मोजलं आणि चकित होऊन बघितलं. लेक डोळे मिटून हसली. ‘माझी आई एक ठिपकेवाली आहे,’ असं काहीतरी ती म्हणाली. नर्सला ते कळलं नाही.

घरी निराळाच खेळ चालू झाला. मॅडम आता बाटली सगळ्यांच्या हातून घ्यायच्या. आजीच्या, बापाच्या, एकदा तर दुरुस्तीला आलेल्या जावयाच्या मित्राच्या. फक्त आईच्या हातून नाही. आईने घेतलं की तोंड वळून छातीकडे जायचं, नाकाने शोधायचं, आणि मिळालं नाही की आकांत. लेकीने दोनदा प्रयत्न केला आणि मग ती बाळाच्या जेवणाच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ लागली. दूध आटायच्या गोळ्या चालू होत्या. दूध आटायला वेळ लावत होतं.

उपचारांच्या तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी बोलावलं. औषधाला गाठ दाद देत नव्हती. आणखी दोन ठिकाणी दिसत होती. दुसरं औषध आहे, देऊन बघू, असं ते म्हणाले, पण बोलताना त्यांनी कागदावरची नजर काढली नाही. लेक आणि जावई बाहेर गेल्यावर थेंबताई मागे राहिल्या.

‘डॉक्टर, तीन आठवडे आधी चालू झालं असतं तर?’

‘असं सांगता येत नाही, मावशी. कदाचित हेच झालं असतं. कदाचित नाही.’

त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर थेंबताई कोसळल्या असत्या, ‘नाही’ म्हटलं असतं तर सुटल्या असत्या. दोन्ही झालं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या पोटात तो ‘कदाचित’ ठाण मांडून बसला. टेबलावर त्यांची मोजणी चुकू लागली. चांगली बुचं टोपलीत, बाद पाकिटात. पर्यवेक्षक आला, बघून गेला, आणि त्याने त्यांना पाकिटांवर ठिपके चिकटवायच्या कामावर बसवलं.

मग एका दुपारी, दुसरं औषधही जवळजवळ संपत आलं होतं तेव्हा, लेक खिडकीशी उशांना टेकून बसली होती. डोक्याला टोपी, मनगटं काडीसारखी. थेंबताई मॅडमना बाटली द्यायला घेत होत्या. लेकीने आत जायच्या वेळी आत न जाता हात पुढे केले.

‘इकडे दे.’

‘तुझ्याकडे नाही गं घेत ती. उगाच रडेल, तुला त्रास.’

‘दे तर.’

थेंबताईंनी दिलं. मॅडमनी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं. मग तोंड उघडलं, बूच घेतलं आणि पिऊ लागल्या. मान वळली नाही. नाकाने शोधणं नाही. एक हात बाटलीवर ठेवून, शहाण्या मुलीसारख्या त्या पीत राहिल्या.

‘अरे वा! मॅडमनी आईकडून घेतली!’ दारातून जावई ओरडला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो तसाच वळला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला.

दूध आटलं होतं. वास गेला होता. आता लेक इतरांसारखीच एक होती. ती बाळाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ते थेंबताईंना बघवेना. मनात महिनोन्‌महिने दाबलेलं तोंडातून निघून गेलं.

‘बये, त्या पहिल्या दिवशी भोक मी मोठं केलं होतं. सुई लावली होती मी. धार लागत होती त्याला. माझ्यामुळे ती घाबरली. माझ्यामुळे तुझी तारीख गेली.’

लेकीने वर बघितलं नाही.

‘माहीत आहे.’

‘काय माहीत आहे?’

‘उजेडाकडे धरून बघितलं होतं मी. आरपार दिसत होतं.’ ती बाटली जरा तिरकी करत म्हणाली. ‘सुई जास्त लागली, असं तूच शिकवलंयस.’

थेंबताई पलंगाच्या कडेला टेकल्या. ‘मग बोलली का नाहीस? अगं, पोर गुदमरली असती!’

‘इतकं होईल असं वाटलं नव्हतं. वाटलं, ठसका लागेल, नको म्हणेल. एक दिवस मिळेल.’ बाळाच्या हनुवटीवरचा ओघळ तिने बोटाने पुसला. ‘मग दुसरा दिवस मिळाला. मग मला मोह झाला.’

थेंबताईंना वाटायला हवं होतं की आपल्या डोक्यावरचं ओझं अर्धं झालं. झालं नाही. उलट दोन ओझी झाली, आपलं आणि लेकीचं, आणि दोन्ही उतरवायची वेळ निघून गेली होती.

‘आई, तू तो किस्सा सांगतेस ना,’ लेक म्हणाली. ‘माझा. एका घोटात आईला विसरली म्हणून.’

‘नाही सांगणार आता. जिभेला हाड नव्हतं माझ्या. कधी नाही सांगणार.’

‘सांग की. हिला सांग. मोठी झाली की सांग.’ तिने मान वर केली आणि आईकडे सरळ बघितलं. ‘पण हिचाही सांग. हिला अकरा दिवस लागले.’

बाटली रिकामी झाली होती. थेंबताईंनी हात पुढे करून बूच हळूच मॅडमच्या तोंडातून सोडवलं आणि ते धुवायला आत गेल्या.